वडिलांचे रिव्हॉल्व्हर आणि शेतातला सराव

प्रश्न : माझे वडील चार महिन्यांपूर्वी वारले. त्यांचे पॉइंट २२ बोअरचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर घरच्या कपाटात आहे. सातारा जिल्ह्यातील आमच्या शेतात विहिरीच्या कठड्यावर डबे ठेवून मी त्याने नेमबाजीचा सराव करतो. परवान्याची मुदत अजून दोन वर्षे शिल्लक आहे. सराव चालू ठेवला तर चालेल का?

उत्तर : नाही. सराव आजपासून बंद करावा. परवान्यावरील मुदत आपल्या कामाची नाही, कारण परवाना व्यक्तीला दिलेला असतो आणि त्या व्यक्तीबरोबरच तो संपतो. रिव्हॉल्व्हरची मालकी वारसाहक्काने आपल्याकडे येऊ शकते, पण ते जवळ बाळगण्याचा अधिकार वारशाने येत नाही. वडिलांच्या हयातीतही आपल्याला ते परवान्याविना हाताळता आले असते ते फक्त त्यांच्या समक्ष किंवा त्यांच्या लेखी अधिकाराने, आणि तेही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा त्यांचा स्वतःचा वापर एवढ्याच कारणांसाठी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे अशा वेळी शस्त्र व काडतुसे अनावश्यक विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात, किंवा विहित अटींनुसार परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे, जमा करावी लागतात. चार महिने उलटले आहेत, याची मला खरोखर काळजी वाटते, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी आहे.

शस्त्र घेऊन स्वतः निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, सोबत मृत्यूचा दाखला व मूळ परवाना जोडावा आणि ते कसे जमा करायचे हे ठाण्यातूनच ठरवून घ्यावे. काडतुसे मोजून द्यावीत. शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या नमूद असलेली पोच घेतल्याशिवाय परतू नये. अर्जात असत्य काहीही लिहू नये. शेतातल्या गोळीबाराबद्दल विचारणा झाल्यास मात्र स्थानिक वकिलाला सोबत घेऊनच निवेदन द्यावे. लहान बोअरची गोळी म्हणजे किरकोळ असा समज आहे. ती दीड किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते आणि विहिरीच्या दगडावरून कोठेही उसळू शकते. निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

शस्त्र जमा झाल्यावर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येईल. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसांसाठी तशी तरतूद आहे. आई व भावंडांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे आधीच तयार ठेवावीत, कारण अशी प्रकरणे माझ्या अनुभवात बहुधा तेथेच अडतात. येथे एक बारीक फरक ध्यानात घ्यावा. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीसाठी पॉइंट २२ ची रायफल हवी असेल, तर शस्त्र अधिनियमाचे कलम १३ त्याला झुकते माप देते. रिव्हॉल्व्हरला ती सवलत नाही, त्यासाठी सबळ कारण दाखवावेच लागते. नुसता ‘सरावासाठी’ असा उल्लेख अपुरा पडेल. अर्ज नामंजूर झाल्यास ३० दिवसांच्या आत अपील करावे.

नेमबाजीची आवड मात्र सोडू नये. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, आणि तो प्रकारही पॉइंट २२ चाच आहे. आपण मान्यताप्राप्त क्लबचे सदस्य व्हावे, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी आणि सदस्यत्वाचा दाखला परवान्याच्या अर्जाला जोडावा.