१ लाख ४० हजार किमी चाललेली हायरायडर हायब्रिड घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही, पण बॅटरीची तपासणी पक्की करून. टोयोटाची हायब्रिड बॅटरीवरची वॉरंटी ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी, जे आधी होईल तोवर. म्हणजे तुमच्या हाती २० हजार किमीच उरतात, त्यामुळे किंमत वॉरंटी संपल्यासारखी धरूनच बोला. त्याआधी सर्व्हिस सेंटरमध्ये नव्या बॅटरीचा लेखी दर काढा. घासाघीस त्यावरच होईल.

गाडी पूर्ण थंड असताना जा. स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचा. पी-झीरो-ए-एटी (P0A80, म्हणजे हायब्रिड बॅटरी बदला) दिसला तर सौदा सोडा. कोड एकही नाही, पण स्कॅनरवर स्वयंचाचण्या (गाडीचा संगणक स्वतःच घेतो त्या तपासण्या) अपूर्ण दिसत असतील, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा १२ व्होल्टची बॅटरी काढली होती. अशा वेळी दोनेक दिवस चालवून पुन्हा स्कॅन करायला सांगा. चढावर जोर लावून आणि उतारावर ब्रेक मारत स्कॅनरवर सेलचे (हायब्रिड बॅटरीतल्या छोट्या घटकांचे) व्होल्टेज पाहा. एखादा सेल इतरांपेक्षा सतत खाली जात असेल तर तो दमलाय.

बॅटरीच्या पंख्याची जाळी धूळ-केसांनी तुंबलेली नको. तापून बॅटरी लवकर मरते.

गिअरबॉक्सची फार चिंता नको, त्यात घासणारा पट्टा नसतोच. ब्रेक मात्र कमी वापरले जातात, म्हणून पॅड जाड दिसले तरी कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकतात. चाके काढून बघाच.

पुरात बुडालेली असल्याची शंका आली, तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको.