आयसीयूत तिसऱ्या रात्री बाबा भलतंच बडबडायला लागले, हे वेड आहे का?

तुमचा प्रश्न वाचला आणि ड्युटीवरून येऊन तशीच लिहायला बसले. बाबा घरात पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट झालं आणि तिसऱ्या रात्री ते कुणाला ओळखेनात, सलाईन उपटली म्हणून हात बांधले, आणि डॉक्टर म्हणतात दारू बंद झाल्यामुळे होतंय. मामा म्हणतात थोडी फेणी चोरून पाजा. आधी त्याचंच सांगते, अजिबात पाजू नका. त्यांना शांत ठेवायची औषधं चालू असणार, त्यावर दारू पडली तर श्वास मंदावतो, आणि भ्रमातल्या माणसाला घोट पाजला तर तो पोटात जाण्याऐवजी फुफ्फुसात जाऊ शकतो.

मी डिचोलीची, 11 वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे. वेड नाही हो हे. दारू मेंदूला दाबून ठेवते, रोज पिणाऱ्याचा मेंदू वर्षानुवर्षं त्या दाबाविरुद्ध जोर लावून जागा राहायला शिकतो, आणि एक दिवस दाब अचानक जातो पण जोर तसाच राहतो. शेवटच्या पेगनंतर 6 ते 12 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हा भ्रम, ज्याला आम्ही डीटी म्हणतो, डेलिरियम ट्रेमेन्स. नाडी धावते, बीपी चढतं, ताप येतो, उपचार नाही मिळाले तर माणूस जातोसुद्धा. काजूच्या सीझनमध्ये सत्तरी तालुक्याकडचे एक पेशंट होते, रात्रभर चादरीवरचे बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचत होते, एकही नव्हता तिथे, आणि मला सांगत होते भाटी पेटली, म्हाका सोड, म्हणजे फेणीची भट्टी पेटली, मला सोड. पाचव्या दिवशी चहा मागितला आणि बायकोला नावाने हाक मारली.

तुम्ही लिहिलंय की अॅडमिट करताना 'कधीतरी घेतात' असं सांगितलं. हे फक्त तुमच्याच घरात होत नाही. माझ्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकू गप्प आणि मी, नर्स असून, मान खाली घालून 'थोडीशी' म्हणाले, कारण बाजूला काकूचे माहेरचे उभे होते. तिसऱ्या रात्री त्यांना फिट आली. आधी माहीत असतं तर औषध पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं, ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

म्हणून उद्या सकाळी ड्युटीवरच्या डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगा, किती, काय, कधीपासून आणि शेवटची कधी. 'थोडी' हा शब्द नको. 180 मिलीची एक क्वार्टर म्हणजे साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आणि घरच्या फेणीच्या बाटलीवर तर लेबलच नसतं, त्यामुळे ग्लास केवढा आणि किती वेळा भरतात ते सांगा. आधी कधी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या घेतात का, तेही. पडताना डोक्याला मार लागला होता का हे तर नक्की सांगा, कारण डोक्यातला रक्तस्राव, इन्फेक्शन, सोडियम किंवा साखर कमी होणं यानेही माणूस असाच बरळतो आणि दारूवर सगळं ढकलून दुसरं कारण सुटायला नको. थायमिन म्हणजे बी1 चालू आहे का हे विचारायला लाजू नका, रोज पिणाऱ्यांच्यात ते खूप कमी असतं आणि वेळेत नाही मिळालं तर स्मरणशक्तीवर कायमचा परिणाम होऊ शकतो.

हात बांधलेले बघून तुम्हाला रडू आलं, मला समजतं, पण भ्रमात लोकांनी स्वतःच्या घशातली नळी ओढलेली मी पाहिलीय. औषध लागू पडलं की सोडतात, रोज विचारत राहा.

घरी आल्यावरचं थोडक्यात. जेवणात चोरून दारू सोडवायची पावडर घालू नका, डायसल्फिरामसारखं औषध माणसाला न सांगता दिलं आणि तो वर प्यायला तर जिवावर बेततं. तुमचा भाऊही रोज घेतो ना, त्याने घाबरून उद्याच एकदम बंद करू नये, श्रावण लागला म्हणून एका दिवसात सोडलेले आणि फिट येऊन आमच्याकडे पोचलेले लोक असतात. आधी डॉक्टरांना भेटायचं. बाबांसाठी बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचार हॉस्पिटलात, व्यसनमुक्तीचे उपचार होतात, आणि 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फुकट बोलता येतं. ज्यांचं पिणं अजून इतकं हाताबाहेर गेलेलं नाही त्यांना तर साध्या बोलण्याचाही उपयोग होतो, संगाथ संस्थेने आपल्या गोव्यातल्याच 10 आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांकडून ते करून पाहिलं आणि 2017 मध्ये लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा चांगला निकाल छापून आला.

आणि बाबांचा चष्मा घरी राहिलाय असं तुम्ही लिहिलंय, तो उद्या घेऊन जा. दिसायला लागलं की भीती कमी होते. हात धरा, आज वार कोणता ते सांगा, अंगणातलं काय चाललंय ते सांगा, उत्तर भलतंच आलं तरी वाद घालू नका.