नवीन बीएस६ डिझेल पिकअप रेस दिल्यावर लगेच का उचलत नाही? थ्रॉटल कंट्रोलर लावून फरक पडेल का?

आधी थोडक्यात सांगतो. सेकंदभराचा उशीर बहुतांशी कंपनीनेच गाडीत घालून दिलेला असतो. पण गाडी घेतली तेव्हा तो कमी होता आणि आता वाढलाय असं असेल, तर मात्र कुठेतरी दोष आहे. दोन्ही बाबतीत कंट्रोलरचे पैसे वाचवा.

तुम्ही लिहिलंय की २००८ ची पिकअप विकून बीएस६ (धुराचे नवे नियम पाळणारी) घेतली. घोडबंदरला गायमुखच्या चढणीवर ट्रॅफिक हलला की तुम्ही रेस देता, भरलेली गाडी क्षणभर ढिम्म राहते, मग एकदम झेपावते आणि तोवर मागचे हॉर्न मारून जीव खातात. तुर्भ्याला एपीएमसीत माल ओढणाऱ्या गाड्या माझ्याकडे कामाला येतात. जुन्यावरून नव्यावर आलेल्या जवळपास प्रत्येक ड्रायव्हरचं हेच गाऱ्हाणं असतं.

जुन्या गाडीत पॅडलपासून पंपापर्यंत केबल होती. पाय दाबला की पंप डिझेल सोडायचा, टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) हवा पोचली की नाही याची फारशी फिकीर न करता. म्हणून ती पटकन उचलायची आणि म्हणूनच मागच्या स्कूटरवाल्याचं तोंड काळं व्हायचं. आता केबल गेली. पॅडल म्हणजे नुसता अर्ज, मंजुरी ईसीएमकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडे. पॅडलमध्ये दोन सेन्सर असतात, दोघांची साक्ष जुळली तरच ईसीएम पुढे बघतो. मग तो आत हवा किती आहे ते तपासतो आणि धूर होणार नाही एवढंच डिझेल सोडतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण धूर टाळायचा तर त्याहून बरीच जास्त हवी. ती टर्बो देणार, आणि टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसवर. गॅस कमी तर टर्बो मंद, टर्बो मंद तर हवा कमी, हवा कमी तर डिझेल कमी. या चक्रातून बाहेर पडायला जो वेळ लागतो तोच तुम्हाला पायाखाली जाणवतो.

त्यात ईजीआरची, म्हणजे जळका गॅस परत फिरवणाऱ्या व्यवस्थेची भर. हळू चालताना जळका गॅस परत इंजिनात सोडलेला असतो. तुम्ही रेस दिली की ईजीआरचा व्हॉल्व्ह बंद होतो, पण मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) उरलेला गॅस आधी ओढला जातो, ताजी हवा त्याच्या मागून येते. शिवाय प्रोपेलर शाफ्ट आणि गियरला खटका बसू नये म्हणून ईसीएम सुरुवातीचा जोर मुद्दाम हळूहळू चढवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं, तेव्हापासून धुराचा हिशेब फार कडक झालाय. त्यामुळे हे कुठल्या एका कंपनीचं पाप नाही.

आता कंट्रोलर. तो पॅडल आणि ईसीएमच्या मध्ये बसतो आणि तुम्ही थोडंसं दाबलं तरी ‘बरंच दाबलंय’ असं सांगतो. रिकाम्या गाडीला गावात त्याने चपळ वाटतं, खोटं नाही. पण गायमुखला तुम्ही पॅडल आधीच तळाला टेकवलेलं असतं. तिथे तो आणखी काय सांगणार? हवा तर तेवढीच. रीमॅपवाले, म्हणजे ईसीएमचं प्रोग्रॅमिंग बदलणारे, धुराची मर्यादाच ढिली करतात, गाडी खरंच उचलते, पण ती काजळी सगळी डीपीएफमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या जाळीत) जाऊन बसते. मग डीपीएफ काढून टाकायचा सल्ला मिळतो, जो कायद्यात बसत नाही आणि वॉरंटीलाही मुकवतो. मी ते काम घेत नाही.

उशीर वाढलाय अशी शंका असेल तर बॉनेट उघडून टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप हाताने चाचपून बघा, इंजिन गार असताना. तेलाचा हलका ओलसरपणा चालतो. पण क्लिपच्या कडेला तेल आणि धूळ मिळून काळा चिखल जमला असेल तर तिथून हवा निसटतेय. पाइपाची चीर बरेचदा खालच्या बाजूला असते, वरून पाइप नवाकोरा दिसतो. चढणीवर रेस दिल्यावर शिट्टी किंवा फुस्स असा आवाज येतो, ती दुसरी खूण. टर्बो बदलायला आणलेल्या गाड्या अशा एका पाइपावर आणि क्लिपवर परत गेलेल्या मी पाहिल्यात. कळंबोली, तळोज्याच्या धुळीत चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरची वाट न बघता बदलावा. इंजिनचा आवाज चढतोय आणि स्पीड नाही, असं असेल तर तो क्लच आहे, टर्बोला बोल लावू नका.

डीपीएफचं वेगळं. मार्केटमध्ये गाडी तासन् तास चालू ठेवायची आणि वाशी-कोपरखैरणे एवढ्याच फेऱ्या मारायच्या, तर आतली काजळी जाळायला लागणारी साधारण सहाशे अंशांची उष्णता टिकतच नाही. जाळी तुंबली की गॅस बाहेर पडत नाही आणि गाडी आणखी जड होते. डीपीएफचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तसं, सहसा सायन-पनवेल हायवेला एका चालीत वीसेक मिनिटं पळवून आणा.

चालवण्यातही फरक पडतो. डिझेल वाचवायच्या नादात आपण लवकर वरचा गियर टाकतो, आणि हजार-बाराशे आरपीएमला टर्बो झोपलेला असतो. चढण लागायच्या आधीच एक गियर खाली घ्या, पंधराशेच्या वर ठेवा, मग रेस द्या. आपल्या जुन्या सवयीत हे बसत नाही, पण पंधरवड्यात पाय शिकतो.

सर्व्हिस सेंटरला गेलात तर ‘पिकअप नाही’ एवढंच सांगून चावी देऊ नका. कुठला गियर, किती लोड, कुठली चढण ते लिहून द्या आणि स्कॅनर लावून माणूस शेजारी बसवून भरल्या गाडीची ट्रायल मागा. ईसीएमने मागितलेला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट हे दोन आकडे स्क्रीनवर शेजारी शेजारी दिसतात. मिळालेला किंचित मागून येऊन जुळत असेल तर गाडी ठीक आहे. तो मागेच राहत असेल तर गळती, टर्बोचा अॅक्च्युएटर (दाब कमीजास्त करणारा भाग) किंवा सेन्सर शोधायचा. जागेवर उभी करून रेस दिली तर यातलं काही दिसत नाही, कारण लोडच नसतो.