बाग एक, मागण्या सहा

प्रश्न: ताई, घराच्या मागे साधारण ३० बाय ४० फुटांची मोकळी जागा आहे, इतकी वर्षं नुसतं रान आणि अडगळ होती, आता एकदाचं बाग करायचं ठरलंय आणि ठरल्यापासून घरात रोज मीटिंग! सासरे ७४ वर्षांचे, काठी घेऊन चालतात, गुडघे धड नाहीत पण भाजी त्यांनाच लावायचीय. नवऱ्याला हिरवंगार लॉन. मुलगा ९ वर्षांचा, त्याला फुटबॉल, मुलगी ४ वर्षांची, तिला चिखल. वर एक कुत्रा. सहावी मी, मला एक खुर्ची आणि अर्धा तास शांतता मिळाली तरी खूप. प्रत्येकाला एकेक कोपरा द्यायला गेले तर ती बाग न दिसता पार्किंगचे आखलेले चौकोन दिसतायत. काय करू?
— मधल्या मध्ये अडकलेली

उत्तर: कोपरे वाटू नका हो! मी नेमकं हेच केलं होतं. कागदावर सुंदर प्लॅन काढला, सगळ्यात देखण्या कोपऱ्यात बाक टाकला, आणि दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन तिथे थेट डोळ्यांत यायचं हे बाक पक्का बसवल्यावर कळलं. दोन वर्षं त्या बाकावर फक्त पायपुसणी वाळली.

तर टेप नंतर आणा, आधी एक सुट्टीचा दिवस काढा. सकाळपासून दर दोन तासांनी वरच्या खिडकीतून एकच फोटो काढायचा, ऊन कुठे सावली कुठे ते दिसतं, आणि सोबत वहीत लिहायचं की त्या वेळेला घरातलं कोण बाहेर होतं किंवा असतं. मला वाटतं तुमचं निम्मं भांडण इथेच मिटेल, कारण सहाही जण एकाच वेळी बाहेर नसतातच. मधली जी मोकळी जागा आहे ती सकाळी सासऱ्यांच्या फेऱ्यांची, संध्याकाळी बॉलची आणि रात्री जेवण झाल्यावर तुम्हा दोघांची, तीच जागा, तेच गवत. फक्त एवढं लक्षात ठेवा की ऋतू बदलला की सावली सरकते, म्हणून मोठी झाडं लावायची घाई नको, तीनचार महिन्यांनी परत एकदा फोटो काढून मग.

पक्की जागा फक्त तीन गोष्टींना लागते. भाजी, वाट आणि बसायची जागा.

भाजीला रोज सहा ते आठ तास ऊन पाहिजे, त्यात तडजोड नाही. जिथे ते मिळतं तिथे सासऱ्यांसाठी उंच वाफे बांधा, साधारण अडीच फूट उंच म्हणजे वाकायला नको, आणि कडा जरा रुंद ठेवली तर तिच्यावर टेकून काम होतं. दोन्ही बाजूंनी हात पोचणार असेल तर रुंदी चार फूट चालेल, भिंतीला लागून असेल तर दोनच फूट, नाहीतर मागचं तण काढायला तुम्हालाच बोलावतील. आणि हो, उंच वाफ्याला माती किती लागते याचा अंदाज कोणाला नसतो! आठ बाय चारचा वाफा अडीच फूट भरायचा म्हणजे ८० घनफूट. खालच्या अर्ध्यात फांद्या, वाळका पाला टाका, वर चांगली माती. वर्षभरात ते खाली बसतं, परत भर घालायची, बास. तळाला पाणी जायला वाट मात्र ठेवा.

वाट चार फूट रुंद, म्हणजे काठीवाला माणूस आणि त्याचा हात धरलेला माणूस शेजारी शेजारी चालू शकतात. सुटी खडी अजिबात नको, काठी रुतते. पायरीऐवजी उतार करा, एक फूट चढाला निदान बारा फूट लांबी. आज हे जास्तीचं वाटेल, पण उद्या व्हीलचेअर आली तर वाट खणायला लागणार नाही.

लॉनचं नवऱ्याला आधी विचारा की कापणार कोण. मखमली गवत आणि फुटबॉल एका जागी नांदत नाहीत, पसरणारं चिवट हरळीसारखं गवत घ्या, त्याला ऊन लागतं, झाडाखाली ते विरळच होणार. गोलपोस्ट उचलता येणारं घ्या आणि दर आठवड्याला थोडं सरकवा, नाहीतर महिन्याभरात तिथे टक्कल.

चिखलाचा कारखाना नळाजवळ आणि स्वयंपाकघरातून दिसेल असा. वाळूच्या खड्ड्याला झाकण हवंच, नाहीतर मांजरं त्याचा वेगळा उपयोग करतात. मुलगी मोठी झाली की तोच खड्डा फुलांचा वाफा होईल, तेव्हा कडा आत्ताच नीट बांधा. कुत्रा कुंपणाच्या कडेकडेनेच पळणार, ते काही सुटत नाही, तिथे दोन फूट पट्टी मोकळी सोडा म्हणजे रोपं वाचतील.

आता तुमची खुर्ची. मुलं दिसतील अशी ठेवली तर ती खुर्ची नाही, ड्युटी झाली! म्हणून दोन जागा करा. एक वाळूजवळ, ज्याची पाळी त्याच्यासाठी, आणि दुसरी दाट झुडपाच्या आडोशाला, पाठीला भिंत, दुपारनंतर सावली, तोंड घराकडे नाही. ती कोणाला दाखवू नका.

प्रश्न: मुलांसाठी लोखंडी स्टँडचा झोपाळा घ्यायचाय, मागची जागा २० फूट आहे, पुरेल का?
— झोपाळेवाले बाबा

उत्तर: नाही हो. झोपाळा जितक्या उंचीवरून टांगलाय त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तितकीच मागे मोकळी लागते. सात फुटांवरून टांगला तर १४ आणि १४ म्हणजे २८ फूट, शिवाय दोन्ही बाजूंना सहासहा फूट. एवढ्याशा जागेत बसवाल तर मूल भिंतीच्या दिशेने झेपावणार. वाळू, चढायची जाळी आणि ओंडके ठेवा, २० फुटांत चिक्कार खेळ होतो. चढायच्या वस्तूखाली सिमेंट किंवा नुसतं गवत नको, लाकडाचा भुसभुशीत चुरा पसरा, चांगला फूटभर जाड, आणि तो तुडवून दबतो म्हणून मधूनमधून भर घाला.

प्रश्न: नात दीड वर्षाची, दिसेल ते तोंडात घालते. कुंपणाला जुनी कण्हेर आहे, छान फुलते. ठेवू का?
— आजी

उत्तर: आजी, काढा. कण्हेरीची पानं, फुलं, खोड सगळंच विषारी, पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर फारच. कापल्यावर जाळू मात्र नका, धूरही त्रासदायक असतो. एरंड आणि गुंजेचा वेलही नको, गुंजेच्या लालकाळ्या बिया मुलांना मण्यांसारख्या वाटतात आणि चावल्या गेल्या तर जिवावर बेततं. घरात डिफेनबेकियाची (मोठ्या ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड) कुंडी असेल तर उंचावर, त्याचं पान चावलं की तोंडाची आग होते, सूजही येते. कुत्रा पाळला असेल तर सायकस, म्हणजे ते बुटक्या ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, पण बाद. आणि कधी काही खाल्लंच तर ओकारी काढत बसू नका, त्या झाडाची फांदी हातात घ्या आणि तडक डॉक्टरकडे.

प्रश्न: छोटंसं तळं करावं म्हणतोय, कमळ, मासे वगैरे. मुलगा ३ वर्षांचा आहे पण पाणी फक्त अर्धा फूट असेल.

उत्तर: अर्धा फूट हे 'फक्त' नाही. एवढी लहान मुलं दोन इंच पाण्यातही बुडू शकतात, आणि आवाज होत नाही. दोनतीन वर्षं थांबा. पाण्याचा खळखळाट हवाच असेल तर दगडांवरून वाहून खाली झाकलेल्या टाकीत जाणारं कारंजं करा, वर पाणी साचतच नाही. तोवर पक्ष्यांना उथळ भांडं ठेवा, मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, आणि आठवड्यातून एकदा तरी रिकामं करून घासा, डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवसच लागतात.

प्रश्न: प्लॅस्टिकचं गवत?

उत्तर: भर दुपारी अनवाणी त्याच्यावर उभं राहून बघा, मग ऑर्डर द्या.