‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं? अ‍ॅजाइलविषयी वाचकांचे प्रश्न

अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवून वापरणाऱ्याला वरचेवर दाखवत पुढे जाण्याचा विचार. त्याविषयी आलेले प्रश्न एकत्र ठेवून वाचले, तर बहुतेक सगळे एकाच जागी अडकलेले दिसतात. बोर्ड (कामं ‘करायचं’पासून ‘डन’पर्यंतच्या रकान्यांत मांडणारा फलक) आहे, स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) आहे, रोजची बैठक म्हणजे स्टँडअप आहे, ही पद्धत सांभाळणारा स्क्रम मास्टर आहे, आणि तरीही सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या हाती वेळेवर पडत नाही. म्हणून काम ‘झालं’ कधी म्हणायचं, तेच पुन्हा लिहिते आहे, या वेळी जरा सविस्तर.

आमचा स्टँडअप पाऊण तास चालतो. मॅनेजर एकेकाला उभं करून कालचा हिशोब विचारतात. असंच असतं का? (टीम लीड, पुणे)

नाही. स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रम या पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत, या बैठकीला 15 मिनिटं दिली आहेत आणि ती डेव्हलपर्सनी एकमेकांशी बोलण्यासाठी आहे. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न 2020 च्या आवृत्तीत काढूनही टाकले, तरी आपल्याकडे ते पाढ्यासारखे म्हटले जातात. उद्या माणसांऐवजी बोर्ड वाचून बघा, तोही उजवीकडून. रिलीजच्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या हाती पडण्याच्या, सर्वांत जवळ आलेलं तिकीट (बोर्डावरची एका कामाची चिठ्ठी) आधी घ्या आणि ‘हे आज पुढे सरकायला काय लागेल?’ एवढंच विचारा. दोघांचीच चर्चा असेल तर ती बैठकीनंतर त्या दोघांनी करावी. मॅनेजरना मात्र चारचौघांत टोकू नका. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं. त्यांच्याशी एकट्यानं बोला, त्यांना रोज नेमकी कोणती माहिती लागते ते विचारा आणि ती वेगळ्या मार्गानं पोचवा.

अ‍ॅजाइल आणि स्क्रम एकच का?

नाही. अ‍ॅजाइल हा विचार आहे, स्क्रम ही त्या विचारानं काम करण्याची एक पद्धत.

अ‍ॅजाइलमध्ये डॉक्युमेंट लिहायची नसतात असं आमचे सिनियर सांगतात.

चुकीचं सांगतात. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे 17 जणांनी अ‍ॅजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, त्यात भारंभार कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर अधिक मोलाचं, असं म्हटलंय. कागदपत्रांनाही मोल आहे, हे त्याच पानावर खाली लिहिलंय. मूळ मजकूर वाचायला पाच मिनिटं लागत नाहीत, तरी ऐकीव माहितीवर वर्षानुवर्षं टीम चालतात याचं मला वाईट वाटतं. बँक, औषधं किंवा विम्याचं काम असेल तर कोणते कागद कायद्यानं लागतात, हे तुमच्या कंप्लायन्स विभागाला विचारल्याशिवाय एकही कागद कमी करू नका.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे, दोन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केलंय. एक क्लास ‘दोन दिवसांत स्क्रम मास्टर, नोकरीची हमी’ म्हणतोय. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. (नाशिक)

बाबांना कर्ज काढू देऊ नका. स्क्रम गाइड फुकट मिळतं आणि छोटंसं आहे, एका संध्याकाळी वाचून होतं. परीक्षा द्यायचीच असेल तर स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसएम वन या स्क्रम मास्टरच्या परीक्षेला कोणताही क्लास सक्तीचा नाही: 60 मिनिटांत 80 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 85 टक्के. दुसऱ्या बाजूला स्क्रम अलायन्स या दुसऱ्या संस्थेच्या सीएसएम प्रमाणपत्राला मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा कोर्स करावाच लागतो, आणि चांगला प्रशिक्षक असेल तर त्याचा उपयोगही होतो. पण नोकरीची हमी दोन्ही ठिकाणी कोणी देत नाही. त्या क्लासवाल्यांना हमी लेटरहेडवर लिहून मागा: कोणती कंपनी, किती पगार, नोकरी न मिळाल्यास पैसे किती दिवसांत परत. बहुतेक वेळा संभाषण तिथेच थांबतं. पैसे भरण्याआधी प्रत्यक्ष हे काम करणाऱ्या निदान दोघांशी बोला. आणि टेस्टिंगची दोन वर्षं कमी लेखू नका. का, ते पुढच्या उत्तरात येईलच.

आमची सात जणांची टीम, दोन आठवड्यांचा स्प्रिंट. दर वेळी शेवटी 80-90 टक्के काम झालेलं असतं, पण पूर्ण असं काहीच नसतं. उरलेलं पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतो. तीन महिने झाले, रिलीज नाही. स्प्रिंट तीन आठवड्यांचा करू का? (हिंजवडी)

नका करू. दोन आठवड्यांत जे झाकलं जातं ते तीन आठवड्यांत जास्त झाकलं जाईल.

‘नव्वद टक्के झालं’ हे वाक्य तुमच्या टीममधून आधी हद्दपार करा. तिकीट एक तर वापरणाऱ्याला वापरता येतं किंवा येत नाही. मधलं काहीही मोजू नका. हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका साखर कारखान्याचं काम होतं. उसाची गाडी वजनकाट्यावर आली की शेतकऱ्याच्या नावाची पावती छापायची. तिकीट पहिल्याच स्प्रिंटमध्ये ‘डन’च्या रकान्यात गेलं. डेमोला लॅपटॉपवर पावती सुरेख दिसली, सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचे तीन स्प्रिंट कोणी त्याकडे पाहिलं नाही. गाळप हंगाम आठ दिवसांवर आला तेव्हा आम्ही काट्यावरच्या खोलीत पहिल्यांदा गेलो. तिथला संगणक जुना, प्रिंटर जुना. पावतीवर ‘ज्ञानेश्वर’मधला ‘ज्ञ’ फुटून ज, पाय मोडल्याची खूण आणि ञ असे तीन तुकडे छापले होते. ‘कृष्णा’ची तीच गत. काट्यावरच्या कारकुनानं कागद उजेडात धरला आणि विचारलं, “मॅडम, या नावावर बिल काढायचं कसं?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उसाचे पैसे त्या पावतीवर मिळतात. पुढचे आठ दिवस टीमनं रात्री जागून काढले, आणि जे पहिल्या आठवड्यात अर्ध्या दिवसात कळलं असतं ते हंगामाच्या तोंडावर कळलं.

चूक डेव्हलपरची नव्हती. ‘झालं’ म्हणजे काय, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. त्याच्या दृष्टीनं कोड मर्ज झाला, टीमच्या मुख्य कोडमध्ये मिसळला, म्हणजे झालं. माझ्या दृष्टीनं डेमो झाला म्हणजे झालं. कारकुनाच्या दृष्टीनं पावती हातात आली आणि वाचता आली म्हणजे झालं, आणि बरोबर तोच होता. त्यानंतर आमच्या ‘डेफिनिशन ऑफ डन’ची, म्हणजे ‘झालं’ कधी म्हणायचं त्या यादीची, शेवटची ओळ अशी होती: काट्यावरच्या प्रिंटरवर छापली आणि कारकुनानं वाचून दाखवली. तुमच्या टीमनंही एकत्र बसून अशी यादी करावी, पाच-सहा ओळींची, आणि ती बोर्डाशेजारी लावावी. त्यातली एक जरी ओळ राहिली असेल तर तिकीट ‘डन’मध्ये जाणार नाही, कोणाचाही फोन आला तरी.

दुसरी गोष्ट. मला खात्री आहे की सोमवारी तुमच्याकडे सातही जण वेगवेगळी तिकिटं उघडतात. नवव्या दिवशी ती सगळी एकदम टेस्टिंगच्या रकान्यात येतात आणि टेस्टर एकच असतो. मग शुक्रवारी त्याच्यावर खापर. हे हिशोबानंच चुकतं. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेलं सूत्र आहे: एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे हातातली कामं भागिले रोज पूर्ण होणारी कामं. रोज दोन कामं पूर्ण होत असतील आणि बारा उघडी असतील तर प्रत्येकाला सरासरी सहा दिवस लागणार. उघडी सहाच ठेवलीत आणि वेग तोच राहिला, तर तीन दिवस. म्हणून प्रत्येक रकान्याला मर्यादा घाला. टेस्टिंगमध्ये दोन तिकिटं असतील तर डेव्हलपरनं तिसरं उघडायचं नाही, टेस्टरच्या शेजारी जाऊन बसायचं. मॅनेजरना सुरुवातीला लोक रिकामे वाटतील. वाटू द्या. माणसं कामात दिसण्यापेक्षा तिकीट पुढे सरकणं महत्त्वाचं.

टेस्टिंग शेवटाला ठेवण्याचा धोका नवा नाही. एक टप्पा संपला की पुढचा आणि टेस्टिंग शेवटी, या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात. ज्या निबंधाला वॉटरफॉलचं मूळ मानतात, त्या 1970 च्या निबंधात विन्स्टन रॉइस यांनीच तसली रचना धोक्याची आहे आणि अपयशाला आमंत्रण देते असं लिहिलं होतं. तुम्ही दोन आठवड्यांच्या आत तोच छोटा वॉटरफॉल करता आहात.

आणि कृपा करून वाईट बातमी तिसऱ्या दिवशी सांगा. ‘बघू, होऊन जाईल’ म्हणत दहावा दिवस उजाडला की प्रॉडक्ट ओनरच्या, म्हणजे कोणतं काम आधी ते ठरवणाऱ्याच्या, हातात काही उरत नाही. तिसऱ्या दिवशी कळलं तर तो काम छोटं करू शकतो, क्रम बदलू शकतो, क्लायंटला फोन करू शकतो.

हे सगळं करूनही अडलात, तर दोष कदाचित बिल्डमध्ये (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पायरीत) किंवा टेस्टिंगच्या सर्व्हरमध्ये असेल. ते लांबून सांगता येत नाही. तुमचा कोड उघडून बघेल असा अनुभवी माणूस दोन दिवस शेजारी बसवा. नुसती स्लाइड दाखवणारा नको.

साहेब दोन टीमची व्हेलॉसिटी शेजारी ठेवून अप्रेझल करतात. एक पॉइंट म्हणजे आठ तास असंही ठरवलंय.

दोन्ही चुकीचं. पॉइंट हा काम किती मोठं आहे याचा एका टीमचा आपापसातला अंदाज असतो, आणि व्हेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट. एका घरच्या वाटीनं दुसऱ्या घरचं पीठ मोजता येत नाही. अप्रेझल त्यावर ठरलं की पॉइंट फुगतात, काम तेवढंच राहतं. स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंट हा शब्दही नाही, आणि कदाचित आपणच ते शोधले असतील तर त्याचा खेद वाटतो, असं जाहीरनाम्याच्या 17 जणांतले एक, रॉन जेफ्रीज यांनी स्वतः लिहिलंय. अप्रेझलचा विषय एचआरकडे लेखी मांडा, टीमच्या बैठकीत नको.

फिक्स्ड प्राइस करारात अ‍ॅजाइल जमेल का? (छोटी कंपनी, कोल्हापूर)

रक्कम आणि तारीख पक्की असेल तर व्याप्ती लवचीक हवी. तिन्ही खिळे ठोकून वर ‘अ‍ॅजाइल’ लिहिलं तर नुकसान तुमचंच. नवं काम आत आलं की तेवढ्याच आकाराचं जुनं काम बाहेर जाईल, अशी अट करारात घाला. सही करण्याआधी मसुदा वकिलाला आणि तुमच्या सीएंना दाखवा, नंतर नको.

अमेरिकन क्लायंटमुळे आमचा स्टँडअप रात्री साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला. घरी लहान मूल आहे. बोलू का?

जरूर बोला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा आपल्याकडे साडेनऊ होतात. त्या एका तासाचा भार दर वर्षी आपणच का उचलायचा, हा प्रश्न रास्त आहे. टीमची बैठक आपल्या दिवसात घ्या, क्लायंटसाठी रोज एकानं, पाळीपाळीनं थांबावं, बाकीचं लेखी. कायम झेपेल अशाच वेगानं काम व्हावं, हे जाहीरनाम्याच्या 12 तत्त्वांतलं एक आहे, ते मॅनेजरना दाखवा. झोप सतत मोडत असेल तर रिलीजची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

रेट्रोत (स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते बोलण्याच्या बैठकीत) साहेब बसतात, कोणी तोंड उघडत नाही.

साहेबांना शेवटची पंधरा मिनिटंच बोलवा. आधी सगळ्यांनी नावं न घालता चिठ्ठ्या लिहाव्यात आणि त्यातून साहेबांच्याच अधिकारात सुटेल अशी एकच अडचण निवडावी. बंद पडलेला टेस्ट सर्व्हर चालेल, क्लायंटकडून अडलेली परवानगी चालेल. ती पुढच्या रेट्रोआधी सुटली की नाही, हे पुढच्या रेट्रोत सर्वांत आधी विचारा.