ग्वाल्हेरच्या सुट्टीत हाती आलेलं पत्रक

प्रश्न: आम्ही इंग्लंडात लेस्टरला राहतो. डिसेंबरात ग्वाल्हेरला सासरी गेलो होतो. किल्ला, तानसेन समारोह, बहादुराचे लाडू, सगळं मजेत चाललेलं. बाड्याजवळ, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात, कुणीतरी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात नथुराम गोडसेला हुतात्मा ठरवणारं हिंदी पत्रक ठेवलं. मी ते घेऊन पर्समध्ये कोंबलं. भावजी म्हणाले, "वहिनी, एवढं काय त्यात?" बेलग्रेव्ह रोडवरचा गांधींचा पुतळा येता-जाता बघणारा मुलगा आता रोज विचारतोय, त्यात काय होतं?

उत्तर: पर्समधून काढा आणि त्याच्या शेजारी बसून वाचा. आपण लपवलं की तो मोबाइलवर शोधणारच, आणि तिथे समजवायला तुम्ही नसाल.

ग्वाल्हेरचा संबंध आडपडदा न ठेवता सांगा. 20 जानेवारी 1948 चा दिल्लीतल्या बिर्ला हाउसमधला गांधींच्या खुनाचा प्रयत्न फसल्यावर गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे ग्वाल्हेरला आले. 30 तारखेला खुनात वापरलेलं बेरेटा पिस्तूल इथेच मिळालं. इथल्या डॉ. दत्तात्रय परचुरे यांना त्याच खटल्यात खालच्या कोर्टात जन्मठेप झाली, हायकोर्टात ते सुटले. दोन्ही सांगा, अर्धंच सांगायचं काम पत्रकवाले करतातच. पण सगळं गाव असंच आहे, असं मुलाला वाटू देऊ नका. 2017 मध्ये हिंदू महासभेने आपल्या इथल्या कार्यालयात गोडसेचा पुतळा बसवला, तो प्रशासनाने हटवला. जानेवारी 2021 मध्ये त्याच्या नावाची 'ज्ञानशाळा' उघडली, ती दोनच दिवसांत बंद पडली.

आता पंचावन्न कोटी. गांधींनी भारताला पाकिस्तानला पंचावन्न कोटी द्यायला लावले, म्हणून गोडसेने त्यांना मारलं, असं अशा पत्रकात बहुधा असतंच. पाकिस्तानच्या वाट्याला ठरलेल्या 75 कोटींपैकी 20 आधीच दिले होते, हे उरलेले. भारताने स्वतः मान्य केलेलं देणं. आणि पुण्यात गांधींची मोटार समजून दुसऱ्याच मोटारीवर बॉम्ब फेकला गेला, तो 25 जून 1934 ला. तेव्हा कुठलं पाकिस्तान आणि कुठले कोटी? हे मुलालाच विचारा आणि गप्प बसा. त्याचं त्याला सुचू दे.

गांधी पटत नाहीत, असं तो म्हणाला तर दचकू नका. आंबेडकरांनी त्यांच्यावर कमी कडक टीका केलेली नाही. खुनाचं कौतुक मात्र आपल्या मुलासमोर नको, हे भावजींना एकदाच, आवाज न चढवता सांगा. सकाळी चहाच्या वेळी. रात्री जेवणानंतर विषय काढलात तर तो फाळणीपासून सुरू होतो आणि बारा वाजवतो.

एक व्यवहाराची गोष्ट. 2015 पासून तुमच्याकडच्या शाळांवर मुलं अतिरेकी विचारांकडे ओढली जात नाहीत ना, हे बघायची कायदेशीर जबाबदारी आहे. 'प्रिव्हेंट' म्हणतात ते हेच. इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी त्याला हे पत्रक न्यायचं असेल तर आधी शिक्षकांना दोन ओळींची ईमेल टाका. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र फोटो नको. त्या पोरांना हिंदी येत नाही, वर छापलेला चेहरा तेवढा दिसेल.