बाबांच्या पद्मिनीला नवे मीटर : एक लाख अठरा हजारांचा हिशेब

पुण्यातील एका वाचकांचे पत्र थोडक्यात असे आहे : "वडिलांनी १९७६ साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे चालू स्थितीत आहे. रविवारी ती बाहेर काढतो आणि वर्षातून दोन-तीनदा पनवेलला बहिणीकडे नेतो. परतताना बोरघाट चढावा लागतो. मूळ डॅशवर वेग, पेट्रोल आणि पाण्याचे तापमान दाखवणारे काटे आहेत. ऑइल प्रेशर व चार्जिंग यांच्यासाठी मात्र नुसते दिवे आहेत. जुन्या गाड्यांचे काम करणाऱ्या एका गॅरेजने डॅश कापून चार नवे मीटर बसवण्याचे १,१८,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. त्यात ऑइल प्रेशर ९,५००, व्होल्टमीटर ६,५००, टेंपरेचर ९,०००, टॅकोमीटर २१,०००, डॅशमागील संपूर्ण वायरिंग २२,०००, डॅश कापून त्यावर लाकडी पॅनेल २८,००० आणि मजुरी २२,००० असे आकडे आहेत. माझा हातात येणारा पगार ९२,००० असून गृहकर्जाचा हप्ता ३१,०००, घरखर्च ३८,००० आणि एसआयपी १२,००० आहे. बँकेत मुदत ठेव २,४०,००० आहे. मुलगी तिसरीत आहे. दिवाळीला सुमारे ५५,००० बोनस मिळतो. दहा महिने एसआयपी थांबवावी, की क्रेडिट कार्डावर बारा हप्ते करावेत? गाडीची किंमतही वाढेल, असे गॅरेजवाले म्हणतात."

आपण गॅरेजकडून प्रत्येक बाबीचे वेगळे दर लिहून घेतले, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करतो, कारण एकरकमी आकडा पाठवला असता तर मला केवळ 'करा' किंवा 'करू नका' एवढेच सांगता आले असते. सुटे दर समोर असल्यामुळे असे दिसते की एकाच कागदावर तीन निरनिराळे खर्च आले आहेत. पहिला इंजिनच्या रक्षणाचा, दुसरा पन्नास वर्षांच्या वायरिंगचा आणि तिसरा हौसेचा. यांपैकी पहिले दोन मी मान्य करतो. तिसऱ्यातील एका भागाला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो केवळ पैशांमुळे नाही.

ऑइल प्रेशरचा दिवा आपल्याला फार उशिरा सांगतो. दाब जवळजवळ संपला की मगच तो लागतो, आणि घाटाच्या मध्यावर तो लागला तर गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंगचे नुकसान झालेले असू शकते. काट्याच्या मीटरचे तसे नसते. तेल तापल्यावर, गाडी जागेवर चालू असताना काटा कुठे उभा राहतो हे दर महिन्याला वहीत टिपून ठेवले, तर इंजिनची झीज कोणत्या गतीने होत आहे हे वर्षभरात लक्षात येते. आर्थिक नियोजनाच्या दृष्टीने या मीटरचे खरे मोल इथेच आहे. इंजिन उतरवून पुन्हा बांधण्याचा खर्च कधीतरी येणारच आहे; तो अचानक येण्याऐवजी वर्षभर आधी कळला, तर त्यासाठी रक्कम साठवता येते. साडेनऊ हजारांत एवढी पूर्वसूचना मिळत असेल, तर मी हा खर्च योग्य मानतो.

व्होल्टमीटरचेही तसेच. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते आणि चार्जिंग नीट चालू असेल तर काटा साधारण चौदाजवळ जातो. हा फरक हळूहळू कमी होऊ लागला की रस्त्यात अडकण्यापूर्वी आपल्याला समजते. गॅरेजने जुन्या पद्धतीचा, विजेचा प्रवाह मोजणारा ॲमीटर न सुचवता व्होल्टमीटर सुचवला, हे चांगलेच आहे. ॲमीटरसाठी चार्जिंगचा जवळजवळ सगळा प्रवाह डॅशपर्यंत आणावा लागतो आणि एखादा जोड सैल झाला तर आगीचा धोका निर्माण होतो. व्होल्टमीटरला किरकोळ प्रवाह लागतो आणि त्याची तार छोट्या फ्यूजमधून घेता येते.

पाण्याच्या तापमानाचा काटा आपल्या गाडीत आधीच आहे. तो चालत नसेल तर त्याचा सेंडर, म्हणजे इंजिनवर बसून काट्याला संकेत पाठवणारा भाग, बदलावा. त्यासाठी नऊ हजारांचा दुसरा मीटर घेण्याची गरज मला दिसत नाही. टॅकोमीटरबद्दल तर मला हसू आले, त्याबद्दल क्षमस्व. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली, १०८९ सीसी इंजिनाची ही गाडी आपण रविवारी डेक्कनपर्यंत नेता. तिच्या इंजिनाच्या फेऱ्या मोजण्यासाठी एकवीस हजार रुपये हा निखळ हौसेचा खर्च आहे. हौस करू नये असे मी म्हणत नाही, परंतु तिला 'सुरक्षितता' या सदराखाली लिहू नये.

आता वायरिंग. बहुतेक सल्लागार हा आकडा प्रथम कापतील, मी मात्र तो सर्वांत शेवटी कापेन. इतक्या जुन्या तारांवरचे आवरण उष्णतेने कडक होते, वळणाच्या जागी तडकते, आणि अशा वायरिंगमधून नव्या मीटरसाठी जोड काढणे म्हणजे दुखण्यावर दागिना घालण्यासारखे आहे. तेव्हा २२,००० रुपये राहू द्यावेत. मात्र नवी फ्यूज पेटी, प्रत्येक नव्या मीटरला स्वतंत्र फ्यूज आणि स्वच्छ अर्थिंग या गोष्टी अंदाजपत्रकात लेखी घ्याव्यात.

आणखी दोन अटी घालाव्यात. ऑइल प्रेशर मीटर विजेवर चालणाराच असावा. यांत्रिक मीटरसाठी गरम तेलाची बारीक नळी थेट गाडीच्या आत आणावी लागते आणि ती गळली तर तेल आपल्या पायांवर येते. विजेच्या मीटरचा सेंडर इंजिनवर टी-जोड लावून बसवता येतो, त्यामुळे मूळ दिव्याचा स्विचही जागेवर राहतो. दुसरे, मीटर आणि सेंडर एकाच कंपनीचे व एकाच श्रेणीचे असावेत. व्हीडीओ या मीटर बनवणाऱ्या कंपनीचा नेहमीचा सेंडर १० ते १८० ओहम (विद्युत रोधाचे एकक) या श्रेणीत चालतो, तर अमेरिकी पद्धतीचा २४० पासून ३३ ओहमपर्यंत उलट्या दिशेने उतरतो. त्यांची सरमिसळ झाली की काटा चुकीचे दाखवतो, आणि चुकीचा काटा दिव्यापेक्षा वाईट, कारण आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

अठ्ठावीस हजारांचे डॅश कापण्याचे आणि लाकडी पॅनेलचे काम मात्र करू नये. यामुळे किंमत वाढेल, हे गॅरेजवाल्यांचे म्हणणे मला पटत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, एकाच कुटुंबात राहिलेली गाडी घेणारा माणूस ती मूळ रूपात आहे का, हे आधी पाहतो; ५२ मिलिमीटरची चार भोके पाडलेला पत्रा त्याच्या लेखी दोष ठरतो. शिवाय हा बदल मागे घेता येत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीचे सुटे भाग वर्षानुवर्षे सहज मिळत होते, परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. उद्या मन बदलले आणि न कापलेला डॅश हवा झाला, तर तो शोधणे दरवर्षी अधिक कठीण होत जाणार आहे.

याच मुद्द्याशी नोंदणीचा प्रश्न जोडलेला आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी आणि मूळ रूपात जपलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. आपली गाडी आता त्या उंबरठ्यावर आहे. मीटर लावल्याने नोंदणी प्रमाणपत्रातील कोणताही तपशील बदलत नाही, त्यामुळे एरवी आरटीओच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. परंतु उद्या व्हिंटेज नोंदणीसाठी तपासणी झाली, तर कापलेला डॅश हा वादाचा विषय व्हावा अशी परिस्थिती आपण स्वतःहून निर्माण करू नये. शुल्काच्या दृष्टीने पहिली दहा वर्षे दोन्ही मार्ग सारखेच पडतात. व्हिंटेज नोंदणीला दहा वर्षांसाठी २०,००० रुपये लागतात, तर वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या साध्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून पाच वर्षांसाठी १०,००० रुपये झाले आहे. पर्यावरण कर वेगळा. फरक वापराचा आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मर्यादित कारणांसाठीच ती चालवता येते. बहिणीकडे पनवेलला जाणे त्यात बसणार नाही. तेव्हा तूर्त साधी नोंदणीच ठेवावी, पण पुढचा पर्याय स्वतःच्या हाताने बंद करू नये.

म्हणून माझा आराखडा असा आहे : ऑइल प्रेशर आणि व्होल्टमीटर मिळून १६,०००, वायरिंग २२,०००, डॅशखाली मूळ स्क्रूंच्या आधाराने लावायची पत्र्याची पट्टी सुमारे २,०००, आणि काम कमी झाल्यामुळे मजुरी १०,००० धरू. एकूण ५०,००० रुपये. शेवटचे दोन आकडे माझे आहेत. गॅरेजकडून ते नव्याने लिहून घ्यावेत.

हे पैसे आणायचे कुठून? कार्डाचे हप्ते नकोत. १,१८,००० रुपयांवर १५ टक्के दराने बारा हप्ते केले तर हप्ता सुमारे १०,६५० रुपये येतो आणि व्याज सुमारे ९,८०० होते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क. सर्व खर्च भागवून आपल्याकडे महिन्याला ११,००० उरतात, म्हणजे वर्षभर आपल्या हातात अक्षरशः काहीच राहणार नाही. एसआयपी थांबवण्याचा पर्याय वरकरणी फुकटचा वाटतो, पण तो दोहोंत महाग आहे. थांबवलेले १,२०,००० रुपये वार्षिक १० टक्के या गृहीतकाने नऊ वर्षांत सुमारे २,८३,००० होतात. परताव्याची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खरे. परंतु नऊ वर्षांनी मुलगी बारावीत असेल, हे मात्र नक्की आहे.

मुदत ठेवीलाही हात लावू नये. हप्ता आणि घरखर्च मिळून आपल्याला महिन्याला ६९,००० लागतात. त्या मानाने २,४०,००० म्हणजे साडेतीन महिन्यांचीच सोय झाली. गृहकर्ज असलेल्या, एकाच पगारावर चालणाऱ्या घराला सहा महिन्यांची, म्हणजे सुमारे ४,१४,००० रुपयांची तयारी हवी. गाडीच्या मीटरपेक्षा ही तूट मला अधिक काळजीची वाटते. त्यामुळे उरणाऱ्या ११,००० पैकी ७,००० रुपये दरमहा या ठेवीत घालावेत. दोन वर्षांच्या आसपास ती पूर्ण होईल. राहिलेल्या ४,००० मध्ये पेट्रोल आणि गाडीची किरकोळ दुरुस्ती बसवावी. मीटर आणि वायरिंगचे ५०,००० दिवाळीच्या बोनसमधून द्यावेत. तोपर्यंत पावसाळा संपलेला असेल, आणि पावसात अशी गाडी आपण फारशी बाहेर काढतही नसाल. दिवाळीपूर्वी पनवेलला जाणे झालेच तर परतताना खोपोलीला थांबून इंजिन थंड होऊ द्यावे, तेल आणि पाणी पाहावे. त्याला एक रुपयाही लागत नाही.

विम्याबद्दल एवढेच लक्षात ठेवावे. आपल्याकडे केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर नव्या मीटरना कोणतेही संरक्षण नाही. सर्वसमावेशक विमा असेल, तर ही जादा विद्युत उपकरणे पॉलिसीत वेगळी दाखवावी लागतात आणि त्यासाठी साधारणतः त्यांच्या किमतीच्या ४ टक्के, म्हणजे १६,००० वर ६४० रुपये वार्षिक हप्ता पडतो. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा किंमत आपण आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी फोटो आणि वायरिंगचे बिल दाखवून ती वाढवून मागावी. आयकराचा इथे काही लाभ नाही. स्वतःच्या वापराची मोटार ही भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे विक्रीतील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, तसाच तोटाही कुठे वजा दाखवता येत नाही. हे ५०,००० रुपये गुंतवणूक म्हणून नव्हे, तर घरखर्चाच्या वहीतच लिहावेत.

टॅकोमीटरची हौस राहिलीच, तर पुढील वर्षाच्या बोनसमधून तो त्याच पट्टीवर लावता येईल. म्हणून पट्टी बनवतानाच गॅरेजला तिसऱ्या मीटरची जागा सोडायला सांगावे. वायरिंग करताना निघालेले मूळ स्विच, बल्बचे होल्डर आणि जुन्या तारांचा जुडगा भंगारात जाऊ न देता खोक्यात घालून, वर तारीख लिहून घरी आणावा.